‘जोखमीची फाइल’ म्हणायचं की ‘धोक्याची’?

फोंड्याची_वाचक
नमस्कार मंडळी. मी एका वाचनालयात काम करते, तिथे मुलांसाठी सहा कॉम्प्युटर ठेवलेत, आणि मागच्या महिन्यात नेटवर्कवर फायरवॉल, म्हणजे इंटरनेटवरून येणारं-जाणारं तपासून नको ते अडवणारी यंत्रणा, बसवला. बसवणाऱ्या मुलाने इंग्रजीत एक सूचना दिली, तिची मराठी पाटी करून लावायची होती. मी लिहिलं, ‘जोखमीच्या फायली डाउनलोड करता येणार नाहीत.’ आमचे एक वयस्कर सभासद पाटी वाचून सरळ टेबलापाशी आले नि म्हणाले, बाई, जोखीम म्हणजे दागिने, रोकड, म्हणजे तुम्ही मौल्यवान फायलींना बंदी घातलीय. मला पटकन उत्तर सुचलं नाही, कारण माझी आजीसुद्धा ‘अंगावर जोखीम आहे, काळोखात एकटी जाऊ नको’ असंच म्हणायची. मग लिहू काय? धोकादायक? घातक? सोमवारी पाटी छापायला जाणार आहे.

मांडवीकाठ
आजोबा बरोबर आहेत आणि तुम्हीही बरोबर आहात. सोनं जवळ असलं की जिवाला घोर लागतो, म्हणून त्या सोन्यालाच जोखीम म्हणायला लागले, शब्द एकच. आणि याचं मूळ ‘योगक्षेम’ आहे असं माझं पक्कं मत, योगक्षेमाचा जोखेम नि मग जोखीम. आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हाखाली बघा, गीतेतलं ‘योगक्षेमं वहाम्यहम्’. जोखीम उचलणाऱ्यांनी नेमका तोच शब्द घेतला, मला हे फार सुंदर वाटतं.

तोलून_मापून
काय हो, इतकं लांब कशाला जाता, जोखणे म्हणजे तोलणे, त्यावरून जोखीम. तराजूत घालून जोखावी लागते ती जोखीम, सरळ आहे.

मांडवीकाठ
दिसायला सरळ आहे खरं, पण मग तो शेवटचा ‘म’ कुठून आला ते सांगा. योगक्षेमात तो आहेच.

शुद्ध_मराठी
मूळ व्याधी वेगळीच आहे. एका ओळीत फाइल, डाउनलोड, आणि पुढे फायरवॉल. वाचनालयाने तरी मराठी जपावी. ‘हानिकारक धारिकांचे अवतरण अग्निभिंत रोखते.’ सहावीतल्या मुलाला कळेल, एकदा शिकवलं की.

पेडण्याहून
सहावीतला मुलगा ‘अवतरण’ वाचून अवतरणचिन्हं शोधत बसेल हो. आणि उतरवणे तर आधीच किती कामाला जुंपलाय, विमा उतरवतो, दृष्ट उतरवतो, फळ्यावरचं वहीत उतरवून घेतो. माझा भाचा ‘गाणं उतरवलं’ म्हणतो तेव्हा मला वाटतं त्याने शब्द लिहून घेतले. डाउनलोडच राहू दे. आणि महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत फाइलला नस्ती म्हणतात, तो शब्द तरी कुठे घरात शिरला?

पर्वरीचा_नेटवर्कवाला
मी हेच काम करतो म्हणून ‘हानिकारक’बद्दल बोलतो. ताई, हा शब्द घालू नका, कारण फायरवॉलला बहुतेक वेळा फाइल हानिकारक आहे की नाही ते माहीतच नसतं. आपण त्याला प्रकार सांगतो, हा प्रकार आत सोडू नको, बस. ईएक्सई, म्हणजे विंडोजवर प्रोग्राम चालवणारी फाइल, आली, अडव. मग ती चांगल्या प्रिंटरचा ड्रायव्हर असेना, तीही अडते, आणि मग लोक आमच्या नावाने ओरडतात. नाव बघून अडवणं हा सगळ्यात कच्चा प्रकार, नाव बदललं की संपलं. बरा फायरवॉल फाइलचं पोट बघतो. विंडोजच्या ईएक्सईचे पहिले दोन बाइट ‘एमझेड’ असतात, झिपचे ‘पीके’, पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह नि पीडीएफ ही अक्षरं. बिल.पीडीएफ.ईएक्सई अशी फाइल आली तर विंडोज शेवटचं ईएक्सई मुळातच लपवतं, पोराला दिसतं फक्त बिल.पीडीएफ, पण पोटात एमझेड. आणि पासवर्ड घातलेली झिप असेल तर पोटही बघता येत नाही, मग एकतर सगळ्या तसल्या झिप अडवायच्या नाहीतर डोळे मिटून सोडायच्या. एचटीटीपीएसचं, म्हणजे वाटेत वाचता येऊ नये म्हणून कुलूपबंद करून येणाऱ्या पानांचं, तर विचारूच नका, ते मध्ये उघडायची सोय केली नसेल तर साइटचं नाव कळतं फार तर, फाइल दिसतच नाही. म्हणून सांगतो, जोखमीची हाच शब्द खरा. घातक असेलच असं नाही, असू शकते.

पेडण्याहून
म्हणजे हा नाकाच झाला की! पत्रादेवीला, गोवा-महाराष्ट्र सीमेवर, ट्रक थांबवतात, एक माणूस नुसतं चलन वाचून सोडतो, दुसरा ताडपत्री उचलून गोणीत हात घालतो. भिंत कसली, भिंतीतून कोणीच जात नाही. फायरवॉलला नाका म्हणा, नाकाबंदी हा शब्दही तयार आहे.

तोलून_मापून
नाक्यावर सगळेच थांबतात, तिथे वेळ जातो, नेट स्लो होतं, हेही जुळतं 🙂 पण फायरवॉल शब्द मुळात इमारतीतला, एका घराची आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून बांधलेली भिंत. गाडीतसुद्धा इंजिन नि आपले पाय यांच्यामधल्या पत्र्याला गॅरेजवाले फायरवॉलच म्हणतात. अग्निभिंत चूक नाही.

हिंदीची_शिक्षिका
एक मुद्दा सुटतोय. मराठीत धोका म्हणजे संकटाची शक्यता, हिंदीत धोखा म्हणजे फसवणूक. वर जी बिल.पीडीएफ.ईएक्सई सांगितली तिला दोन्ही भाषांतला अर्थ लागू पडतो. माझी मुलं घरी हिंदी मालिका बघून येतात, त्यांना ‘धोक्याची फाइल’ म्हणजे फसवणारी फाइल असंच वाटेल आणि ते चुकीचंही नाही.

शुद्ध_मराठी
म्हणजे आता हिंदीच्या अर्थाने मराठी शब्द वापरायचे? इथे गोव्यात १९८७च्या राजभाषा कायद्यात मराठीला जी जागा मिळाली ती काय यासाठी? पाटीवर एकेक शब्द असा सोडत गेलो तर शेवटी मराठीत क्रियापदं तेवढी उरतील. मला हे मनापासून लागतं.

पेडण्याहून
लागतं ते आम्हालाही, पण तुमच्या पाटीसमोर उभं राहून मूल अर्थ विचारायला गेलं तर जपलं काय आपण?

खाजनकाठ
उशिरा आलो. नाका, भिंत, सगळं वाचलं. आपल्याकडे शब्द आहे, मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. माझं बालपण खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या सखल खारट शेतजमिनीच्या, बांधावर गेलंय. नदीला भरती आली की खारं पाणी मानशीच्या लाकडी दारांवर आदळतं आणि त्या जोरानेच दारं लागतात, शेतात खारं शिरत नाही, ओहोटीला आतलं पाणी दारं ढकलून बाहेर जातं. तिथे कोणी माणूस उभा नसतो, पाणीच दार लावतं नि पाणीच उघडतं. हवं तेव्हा, हवं तेवढं खारं पाणी आत घेताही येतं, माशांसाठी. मानशीच्या तोंडाशी जाळं लावायचं, मासळीसाठी तिची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची. अडवणं, सोडणं आणि गाळणं तिन्ही एकाच ठिकाणी. परक्या शब्दाचं भाषांतर कशाला करत बसायचं?

पर्वरीचा_नेटवर्कवाला
भाई, हे वाचून बरं वाटलं, खरंच. बाहेरून आपणहून येणारं अडवायचं आणि आतून जाणारं सोडायचं, जुन्या फायरवॉलचं काम अगदी मानशीसारखंच. पण डाउनलोडची मेख वेगळी आहे. डाउनलोड बाहेरून घुसत नाही, आतला माणूस क्लिक करून बोलावतो, त्यामुळे दार आतूनच उघडलेलं असतं. तिथे मानस पुरत नाही, तुमचं ते जाळं लागतं.

खाजनकाठ
जाळं लावतात ते ओहोटीला पण, बाहेर जाणाऱ्या पाण्याला.

पर्वरीचा_नेटवर्कवाला
मग ते आतली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून लावतात त्यासारखं झालं, तेही असतं फायरवॉलमध्ये. डाउनलोडसाठी भरतीला लावायचं जाळं हवं.

फोंड्याची_वाचक
सगळ्यांचे आभार, पण पाटी अजून कोरीच आहे. ‘संशयित प्रकारच्या फायली इथे अडवल्या जातात’ असं केलं तर?

तोलून_मापून
संशयित पोलीस चौकीतला वाटतो. संशयास्पद करा.

मांडवीकाठ
जोखमीच्या हेच ठेवा हो ताई, आजोबांना योगक्षेम सांगा.

पेडण्याहून
फायरवॉल ‘बसवला’ की ‘बसवली’? भिंत धरली तर ती.

शुद्ध_मराठी
अग्निभिंत म्हटलं असतं तर हा प्रश्नच आला नसता.

खाजनकाठ
भरतीलाही जाळं लावायचे काही ठिकाणी असं वडिलांकडून ऐकल्यासारखं वाटतंय. दिवाडी-चोडणकडचं कोणी आहे का इथे? तिकडे त्या जाळ्याला वेगळं नाव असेल तर लिहा.