पित्त, जळजळ, घशाशी येणं: पोटाच्या स्पेशालिस्टकडे कधी आणि कशामुळं गेलात?

शहापूरकर
मंडळी, आपल्या बेळगावात पित्त नसलेला माणूस शोधून दाखवा की. रात्री अकराला जेवायचं, लगेच आडवं व्हायचं, आणि जळालं की मेडिकलमधनं गोळी. मला दिवाळीपासनं आंबट पाणी घशाशी येतंय. फॅमिली डॉक्टरनी नाष्ट्याच्या अर्धा तास आधी घ्यायची गोळी दिलीय, दोन महिन्यांत फरक पडला नाही तर पोटाच्या डॉक्टरकडे पाठवतो म्हणालेत. तुम्ही कधी गेलात ते लिहा. घरगुती उपाय नकोत, जिरं, कोकम, थंड दूध सगळं झालंय.

निपाणीची लेक
आमची आई विडी कामगार, मिश्रीची सवय जन्माची. जळजळ कायमचीच, त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. मग भाकरी खाताना मधीच थांबून पाणी प्यायला लागली, नंतर भाकरी आमटीत कुस्करूनच, नंतर नुसता ताक-भात, आणि आम्हाला वाटायचं दातामुळं असेल. वजन उतरलं तेव्हा फॅमिली डॉक्टरनी गोळी-बिळी न देता सरळ कोल्हापूरला धाडलं. दुर्बीण घातली तर वर्षानुवर्षं ॲसिड वर येऊन अन्ननलिका खालच्या टोकाला आकसलेली. तुकडा तपासायला गेला, रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला जेवण गेलं नाही. कॅन्सर नव्हता, फुग्यानं नळी रुंद केली, त्यासाठी परत परत जावं लागलं, गोळी अजून रोजची. मिश्री सोडली म्हणती, खरं-खोटं तिला ठाऊक. पण घास अडकतोय असं कुणी म्हणालं की ते दोन महिन्यांचं गणित धरू नका, लगेच न्या.

टिळकवाडी मास्तर
माझं उलटं, छातीत कधी जळलंच नाही. नुसता खोकला, सकाळी घसा बसलेला, चौथ्या तासाला आवाज गायब. आधी कान-नाक-घशावाल्यांकडे गेलो, त्यांनी स्वरयंत्र लाल झालंय बघून गॅस्ट्रोकडे, म्हणजे पोटाच्या स्पेशालिस्टकडे पाठवलं. दुर्बीण नॉर्मल आली, मला वाटलं सुटलो. पण दुर्बीण नॉर्मल असली तरी ॲसिड वर येत असू शकतं म्हणे! मग नाकातनं बारीक नळी घालून चोवीस तास ॲसिड मोजलं, त्यात सापडलं. ती नळी लावून शाळेत काही गेलो नाही, पोरांनी जगू दिलं नसतं.

चिकोडीकर
पित्ताच्या धाग्यात हे लिहितोय कारण आम्ही पण पित्तच समजत होतो. वडिलांना शुगर आहे. मळ्याकडं चढ चढताना छातीत जळायचं, बसले की कमी. जेवणाशी काही संबंध नाही. आमच्या डॉक्टरनी आधी इसीजी काढला आणि पोटाऐवजी हार्टवाल्यांकडं पाठवलं, शीर ब्लॉक निघाली. चालताना जळत असेल, घाम येत असेल, जबडा नाहीतर हात दुखत असेल तर गॅस्ट्रोची अपॉइंटमेंट घेत बसू नका हो, तडक इमर्जन्सीत जावा.

शहापूरकर
बाप रे. आणि ती दुर्बीण, लई त्रास होतो काय?

खानापूरची सून
सहा-आठ तास उपाशी ठेवतात, घशात स्प्रे मारून बधिर करतात, उमाळे येतात पण पाच-दहा मिनिटांत संपतं. बाळंतपण झालेल्या बाईला काहीच नाही. मला सिस्टरनी कन्नडमधनं विचारलं, एदी उरी (म्हणजे छातीतली जळजळ) किती दिवस? माझं उत्तर ऐकून डॉक्टरच हसले. छोटा हर्निया निघाला, म्हणजे जठराचा वरचा भाग थोडा छातीकडं सरकलेला. ऑपरेशन नाही, वजन कमी करा, झोपायच्या तीन तास आधी जेवा, पलंगाची डोक्याकडची बाजू वर करा. नुसत्या उशा वाढवून उपयोग नाही, पोट दुमडतं. आम्ही पलंगाच्या त्या बाजूच्या पायांखाली विटाच घातल्या, सासूबाई अजून त्या खोलीत आल्या की मान हलवतात.

संकेश्वरहून
गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या चालू होत्या, वर पित्ताची गोळी, ती पण मनाला येईल तशी. एक दिवस शी डांबरासारखी काळी आणि चिकट, उठलो की चक्कर. त्याच रात्री ॲडमिट. जठरात अल्सर, त्यातनं रक्त जात होतं, रक्त चढवावं लागलं.

निपाणीची लेक
लोहाच्या गोळीनं पण काळी होते हां, आईची व्हायची. पण चिकट, घाण वास आणि चक्कर असेल तर गोळीवर ढकलू नका.

शहापूरकर
माझं यातलं काही नाही, फक्त आंबट पाणी. महिना झालाय गोळीला, थोडं कमी वाटतंय. पूर्ण कोर्स करून बघतो. रात्रीचं जेवण आठला आणायचं ठरलंय, दुकान नऊला बंद होतं ते कसं जमवायचं ते बघालोय.