बिग बॉस मराठी, पर्व पाचवे : मने जिंकणारा मोठा की डाव रचणारा? (इंदूरकर प्रेक्षकांची चर्चा; बोलणाऱ्यांची ओळख त्यांच्या वस्तीच्या नावाने)

रामबाग : एका घरात बंद राहणाऱ्या स्पर्धकांतून प्रेक्षकांच्या मतांवर विजेता ठरवणाऱ्या या कार्यक्रमाच्या ६ ऑक्टोबर २०२४ च्या अंतिम फेरीत सूरज चव्हाण विजयी झाला, अभिजीत सावंत दुसरा आणि निक्की तांबोळी तिसरी आली. त्या निकालावरून इंदूरच्या मराठी घरांत अजून वाद होतो आणि तो रास्तच आहे. सूरजविषयी मला तिळमात्र आकस नाही. मोढव्यासारख्या लहान गावातून आलेल्या या मुलाचा निर्मळपणा मलाही भावला. माझा आक्षेप एवढाच की ज्यांनी खेळ चालवला, त्यांच्या पदरात खेळाचे श्रेय पडले नाही. पहिल्या आठवड्यापासून गट बांधणे, समोरच्या गटात फूट पाडणे आणि नॉमिनेशनचा, म्हणजे घराबाहेर जाण्यासाठी नाव सुचवण्याचा, रोख दुसऱ्याकडे वळवणे हे सर्वांत जास्त निक्कीने केले. हिंदी बिग बॉसच्या चौदाव्या पर्वात ती तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली होती आणि तो अनुभव पदोपदी जाणवत होता. घरातील ज्येष्ठ अभिनेत्री वर्षा उसगांवकर यांच्याशी ती ज्या सुरात बोलली तो मला मुळीच पटला नाही, पण वागणुकीचा हिशेब वेगळा आणि डावपेचांचा वेगळा.

याच खेळाच्या अमेरिकेतील आवृत्तीत, ‘बिग ब्रदर’मध्ये, २००१ च्या दुसऱ्या पर्वापासून घरातील सदस्यच एकमेकांना बाहेर काढतात आणि बाहेर पडलेलेच शेवटी विजेता निवडतात. त्यामुळे तिथे ज्याला आपण घराबाहेर घालवले, त्याच्याही मनात आपल्याविषयी आदर उरेल असे खेळावे लागते. आपल्याकडेही अंतिम निकालात बाहेर पडलेल्या सदस्यांच्या मतांना काही वजन द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

सुदामानगर : काका, आपला मुद्दा समजला, परंतु मान्य नाही. डावपेच नियमांच्या चौकटीत मोजायचे असतात आणि आपल्या नियमांत घरातील सदस्य फक्त नॉमिनेट करतात, वाचवतो तो प्रेक्षक. सूरज दुबळा आहे, सहज बाहेर जाईल, असे गृहीत धरून त्याला वारंवार नॉमिनेट केले गेले, आणि इथेच प्रतिस्पर्ध्यांचे गणित चुकले, कारण प्रत्येक नॉमिनेशनबरोबर त्याला मत देणाऱ्यांची सवय पक्की होत गेली. जो कधी नॉमिनेटच होत नाही, त्याचा मतदार अंतिम फेरीपर्यंत तयारच होत नाही. हे पर्व शंभरऐवजी सत्तर दिवसांतच आटोपले, त्यामुळे उशिरा जागे झालेल्यांना मतदार जोडायला वेळही उरला नाही.

आमच्याकडे गणपतीत आरतीनंतर खिरापत हातात घेऊन बायका-मुले उभ्या उभ्या यावरच बोलत असत. त्यांपैकी कुणीही सूरजला दयेपोटी मत देत नव्हते. तो टास्कमध्ये जिवाच्या आकांताने लढतो आणि कुणाच्या पाठीमागे बोलत नाही, हीच कारणे मी पुन्हा पुन्हा ऐकली. बाहेर पडलेल्यांच्या हाती निकाल दिला तर त्यांच्या मनातील राग मोजला जाईल, खेळ नव्हे.

रामबाग : राग मोजला जाईल हे खरे, पण तो राग निर्माण होऊ न देणे हेही कौशल्यच आहे. हिंदीच्या सोळाव्या पर्वाचे उदाहरण घ्या. आपल्या अमरावतीच्या शिव ठाकरेने ‘मंडळी’ म्हणवणारा आपला गट एकत्र ठेवला, रुसवेफुगवे मिटवले, प्रत्येक टास्क अंगावर घेतला. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये जिंकला त्याच मंडळीतील रॅपर एमसी स्टॅन, जो मधल्या काळात घर सोडून जाण्याची भाषा करीत होता. बाहेरून आणलेला चाहतावर्ग घरातील मेहनतीवर मात करतो, तेव्हा पुढच्या पर्वातील खेळाडूने आत डोके कशासाठी चालवावे?

सुदामानगर : तोच शिव २०१९ मध्ये मराठीचे दुसरे पर्व जिंकला आणि तेही प्रेक्षकांच्याच मतांवर. मतदानाला डावपेचांचे वावडे असते, तर तो तेव्हाच हरला असता. शिवाय चाहत्यांचे म्हणाल तर, २००५ मध्ये पहिला इंडियन आयडल ठरलेला अभिजीत सूरजच्या कितीतरी आधी घराघरांत पोहोचलेला होता. केवळ बाहेरची कीर्ती पुरेशी असती, तर तो दुसरा आला नसता.

लोकमान्यनगर : आपण दोघेही विजेत्याभोवतीच घोटाळत आहात, म्हणून मी जान्हवी किल्लेकरचे नाव घेते. अंतिम सहांत असताना तिने, पैसे घेऊन खेळ सोडण्यासाठी समोर ठेवलेली नऊ लाखांची बॅग उचलली आणि ती स्वतःहून बाहेर पडली. विजेत्याला १४ लाख ६० हजार मिळाले, हे लक्षात घेता उरलेल्या पाच जणांना डावलून पहिले येण्याची शक्यता किती, हे तिने त्या काही क्षणांत अचूक ओळखले. आमच्या घरी ‘मैदान सोडले’ अशी टीका झाली, पण मला तो संपूर्ण पर्वातील सर्वांत विचारपूर्वक निर्णय वाटतो. रामबागकाका, आपल्याला डोके चालवणारा खेळाडू हवा होता ना? मग तिची दखल आपण का घेतली नाही?

रामबाग : ताई, तिच्या हिशेबाचे कौतुक मीही करीन. मात्र आपल्याला मते पडणार नाहीत, हे ओळखूनच तिने तो निर्णय घेतला, म्हणजे माझ्या तक्रारीला तिनेच दुजोरा दिला. सर्व मते बाहेर पडलेल्यांना द्या, असे मी म्हणत नाही. चार हिश्शांपैकी एक हिस्सा त्यांचा असावा.

सुदामानगर : त्या एका हिश्शाने निक्की जिंकली असती, असे आपल्याला खरोखर वाटते का? ज्या वर्षाताईंचा उल्लेख आपण केलात, त्यांनी बाहेर पडल्यावर कुणाला मत दिले असते, याचा विचार करून पाहा. माझ्या अंदाजाने तो हिस्साही अभिजीतकडेच गेला असता, कारण दोन्ही गटांत ज्याचे बोलणे टिकून होते असा तोच एक होता.