मदत हवी: लेसर लावला की मोनोलेयरचं पीक सरकतं आणि परत येत नाही

मंडळी नमस्कार. एमेस्सीचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट जमा करायला पाच आठवडे उरलेत आणि मी एका आकड्यावर अडकले आहे. स्पेक्ट्रोस्कोपीवाले कुणी असतील तर कृपया वाचा.

नमुना म्हणजे चिकटपट्टीने सोलून काढलेला मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एक थर (मोनोलेयर), ३०० नॅनोमीटर ऑक्साइड असलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यावर. थर एकच आहे हे रामनने (विखुरलेल्या लेसरप्रकाशातून अणूंची कंपनं मोजून) तपासलंय. दोन मुख्य पीकमधलं (आलेखातल्या टोकांमधलं) अंतर १८.५ सेंटिमीटर इन्व्हर्स येतं, जाड तुकड्यात ते २५च्या आसपास असतं. लेसर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा, सूक्ष्मदर्शकाचं ऑब्जेक्टिव्ह १००एक्स, सगळं उघड्या हवेत. फ्लेक (सोललेला पातळ तुकडा) लांबट आणि खाली निमुळता आहे म्हणून वहीत त्याचं नाव सिंधुदुर्ग.

२० मायक्रोवॉटवर फोटोल्युमिनसन्स (लेसर शोषून पदार्थ स्वतः सोडतो तो प्रकाश) घेतला तर पीक ६७४ नॅनोमीटरला आलं. सिग्नल फारच मिणमिणता, म्हणून त्याच जागी ५०० मायक्रोवॉट केले आणि चहाला गेले. शटर बंद करायचं राहिलं (हे सरांना अजून सांगितलेलं नाही). दहा मिनिटांनी येऊन पुन्हा २०वर आणून मोजलं, तर पीक ६६४ला आणि उंची जवळजवळ तिप्पट! लेसर बंद ठेवला की मूळपदावर येईल असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ६६५. त्याच फ्लेकवर जिथे लेसर पडला नव्हता तिथे अजूनही ६७४, म्हणजे स्पेक्ट्रोमीटर सरकलेला नाही.

सर म्हणाले, गरम झालं असेल. पण गरम झाल्यावर पीक लाल बाजूला (जास्त नॅनोमीटरकडे) जातं आणि बुटकं होतं असं शिकलोय, माझं तर नेमकं उलट झालंय. धीर करून दुसऱ्या एका फ्लेकवर ५ मिलिवॉट सोडले, तर तिथे काळा ठिपका पडला आणि प्रकाश गायब.

मग ही माझी चूक, की पदार्थाचाच स्वभाव? आणि प्रबंधात ६७४ लिहू की ६६४?

चहाबाज
शीर्षक वाचून शेतीचा धागा समजून आलो होतो. पीक सरकतं म्हणजे बांध कोरला की काय! चालू द्या, कोपऱ्यात बसून ऐकतो.

हौशी_प्रकाश
लेसरने प्रकाशीय गुणधर्म बदलतात म्हणजे ऑप्टिकल स्टार्क इफेक्ट ना? मागे कुठेतरी वाचलं होतं.

तळघर३
हौशी, ते प्रकरण वेगळं. त्यात लेसरची ऊर्जा मुद्दाम एक्सिटॉनपेक्षा कमी ठेवतात, म्हणजे पदार्थ प्रकाश गिळत नाही, फक्त त्याच्या विद्युतक्षेत्रात पातळ्या हलतात. तेही फेम्टोसेकंदांच्या पल्सपुरतं. २०१४मध्ये बर्कलीच्या लोकांनी टंगस्टन डायसेलेनाइडमध्ये आणि २०१५मध्ये एमआयटीच्या गटाने टंगस्टन डायसल्फाइडमध्ये हे दाखवलं. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाने दोनपैकी एकाच व्हॅलीची (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेतल्या दरीची) पातळी हलवली, एमआयटीच्या प्रयोगात १८ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत. पण पल्स गेली की खेळ खलास. धागाकर्तीचा बदल रात्रभर मुक्काम करून राहिलाय.

आता ताई, तुमचं. ६७४ आणि ६६४ला ऊर्जेत बदला: १.८४ आणि १.८७ इलेक्ट्रॉनव्होल्ट. फरक २८ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. हा आकडा ओळखीचा आहे. या थरात एक्सिटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होलची (इलेक्ट्रॉन निघून गेलेल्या रिकाम्या जागेची) जोडी, आणि ट्रायॉन, म्हणजे त्या जोडीला चिकटलेला आणखी एक इलेक्ट्रॉन, यांच्यात साधारण २० ते ४०चंच अंतर असतं. सोललेल्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये जास्तीचे इलेक्ट्रॉन आधीच असतात, त्यामुळे ताज्या नमुन्यात ट्रायॉनचा वरचष्मा. तो प्रकाश देण्यात आळशी आणि थोडा लाल. जास्तीचे इलेक्ट्रॉन काढून घेतले की एक्सिटॉन मोकळे होतात, पीक निळ्या बाजूला येतं आणि उजळतं. तुमच्याकडे दोन्ही घडलंय.

इलेक्ट्रॉन काढले कोणी? हवेतल्या ऑक्सिजनने आणि पाण्याच्या वाफेने. हे रेणू थरावर बसून इलेक्ट्रॉन ओढून घेतात. २०१३मध्ये टोंगाय आणि सहकाऱ्यांनी नुसता वायूचा दाब कमीजास्त करून उजेड वरखाली करून दाखवला होता. सल्फरचा अणू निसटलेली जागा असेल तर ऑक्सिजन तिथे अधिक घट्ट बसतो. लेसरने त्या बसण्याला जोर मिळतो.

उष्णतेबद्दल सर अगदीच चूक नाहीत, मात्र तापलेली वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तापलेली राहत नाही. एवढासा ठिपका तर शटर पडताक्षणी थंड होतो. उष्णता त्या काळ्या ठिपक्यात मात्र नक्की आहे. हिशोब करा: १००एक्सचा ठिपका ०.७ मायक्रॉनचा धरला तर ५०० मायक्रोवॉट म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ लाख ३० हजार वॉट. भर दुपारच्या उन्हाच्या १३ लाख पट. ५ मिलिवॉटला त्याच्या दहापट. खाली सिलिकॉन उष्णता ओढून घेतं म्हणून तग धरला जातो. २०१२मध्ये डेल्फ्टच्या गटाने याचाच फायदा घेऊन लेसरने जाड फ्लेकचे वरचे थर उडवले आणि तळाचा एकच शिल्लक ठेवला. तुमचा तर मुळात एकच होता, तो जळला.

खात्री करायला रामन पुन्हा घ्या, त्याच ठिपक्यावर, कमी पॉवरने. नुसतं तापमान असेल तर ई-टू-जी आणि ए-वन-जी (रामनचे तेच दोन मुख्य पीक) दोन्ही खाली सरकतात, शंभर अंशाला ए-वन-जी सव्वा-दीड सेंटिमीटर इन्व्हर्सने. इलेक्ट्रॉन कमी झाले असतील तर ई-टू-जी जागचं हलणार नाही आणि ए-वन-जी वर चढेल. इलेक्ट्रॉन वाढवले की ए-वन-जी मऊ पडतं आणि ई-टू-जी ढिम्म राहतं हे बंगळुरूच्या सूद, वाघमारे आणि मंडळींनी २०१२मध्ये ट्रान्झिस्टर करून मोजलंय, तुमचं त्याच्या उलट दिशेने.

धागाकर्ती
आत्ताच लॅबमधून आले. ई-टू-जी ३८४.६, आधीइतकंच. ए-वन-जी ४०३.१वरून ४०४.०! सरांना दाखवलं. ते दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, नायट्रोजनमध्ये करून बघ. (चहाचं शेवटी सांगितलं. हसले.) आमच्याकडे व्हॅक्यूम स्टेज नाही, काचेची खिडकी असलेली एक छोटी डबी आहे.

तळघर३
डबी चालेल, पण १००एक्सने फोकस होणार नाही. त्याचं वर्किंग डिस्टन्स (भिंग ते नमुना अंतर) जेमतेम ०.२ मिलिमीटर, खिडकीच आडवी येईल. लाँग वर्किंग डिस्टन्सचं ५०एक्स मागून घ्या. त्याचा ठिपका मोठा असतो, तेव्हा तुलना करायला पॉवर त्या प्रमाणात वाढवा. आणि दर वेळी ताजी जागा. सिंधुदुर्गात अजून कोरी जागा आहे ना?

जुना_रामनवाला
प्रबंधाच्या प्रश्नाला कुणीच हात लावला नाही. दोन्ही आकडे लिहा, शेजारी पॉवर, ठिपक्याचा आकार, किती मिनिटं आणि हवा की नायट्रोजन. पॉवर चढवताना जसे स्पेक्ट्रम घेता तसेच उतरवतानाही घ्या. दोन्ही वाटा जुळल्या नाहीत तर नमुना मधेच बदलला. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतो, मला विचारला होता आणि माझ्याकडे उतरणीचा एकही स्पेक्ट्रम नव्हता.

धागाकर्ती
अपडेट. ५०एक्स शेजारच्या लॅबमधून दोन तासांच्या बोलीवर मिळालं. अर्धा तास कोरडा नायट्रोजन सोडून ताज्या जागी तेवढ्याच तीव्रतेने दहा मिनिटं. पीक ६७४वरून ६७२, उंची जवळपास तेवढीच. मग डबीचं झाकण उघडलं आणि त्याच ठिपक्यावर पुन्हा दहा मिनिटं: ६६६. उतरणीचे स्पेक्ट्रम उद्या घेते. सिंधुदुर्गात कोरी जागा आता फक्त दोडामार्गाकडे उरली आहे.

चहाबाज
पुढच्या वेळी चहाला जाताना शटर बंद करा. किंवा नकाच करू.