क्लँगडी: एफ१२ दाबलं की हेडरवरच थांबतं, .सीपीपीपर्यंत पोचतच नाही

मुळशीकर
नमस्कार. तीन दिवस एकाच जागी अडकले आहे. उबुंटू, व्हीएस कोड एडिटर, त्यात क्लँगडीचं एक्स्टेंशन (क्लँगडी म्हणजे सी++ कोड वाचून कुठलं नाव कुठे आहे ते एडिटरला सांगणारा प्रोग्राम). प्रोजेक्ट सी++ चा, सीमेकवर (बिल्डची मांडणी करणारं टूल), साधारण ४०० फाइल्स. पाण्याच्या मीटरची रीडिंग गोळा करणारा गेटवे आहे, आर्म प्रोसेसरवर चालतो. ज्यांनी लिहिला ते केव्हाच दुसरीकडे गेले, आणि डॉक्युमेंट म्हणाल तर एक अर्धवट रीडमी. त्यामुळे मला हा कोड एका फंक्शनवरून दुसऱ्यावर जात जातच समजून घ्यायचा आहे. तेच बंद पडलंय.

मेन.सीपीपीमध्ये पोलमीटर() वर कर्सर ठेवून एफ१२ (फंक्शनच्या मूळ कोडवर नेणारी की) दाबलं की पोल_मॅनेजर.एच हे हेडर उघडतं, एका ओळीचं डिक्लेरेशन (फंक्शनचं नुसतं नाव, आतला कोड नाही) दिसतं, आणि संपलं. ग्रेपने ते नाव सगळ्या फाइल्समध्ये शोधलं तर ६१ ओळी येतात, त्यातली खरी बॉडी कुठली ते एकेक उघडून बघा.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. पोल_मॅनेजर.सीपीपी आधीच दुसऱ्या टॅबमध्ये उघडी असेल तर एफ१२ अगदी बरोबर जागी जातं. टॅब बंद केला की पुन्हा हेडर.

कंपाइल कमांड्सची जेसन फाइल (कुठली फाइल कशी कंपाइल करायची त्याची यादी) आहे, सीमेकला ती काढायला सांगितलेलं आहे. कॅश उडवून, एक्स्टेंशन काढून पुन्हा टाकून झालं.

कळफलक
टॅबचं सांगितलंत ते फार बरं केलंत, अर्धं उत्तर त्यातच आहे. उघडलेली फाइल क्लँगडी स्वतः वाचतो, म्हणून तिच्यातलं त्याला माहीत असतं. न उघडलेल्या फाइल्ससाठी तो मागे बसून इंडेक्स बनवतो, आणि कुठल्या फाइल्स घ्यायच्या ते त्या जेसनमधूनच ठरवतो. म्हणजे तुमचा इंडेक्स रिकामा आहे. मेन.सीपीपीत हेडर इन्क्लूड केलेलं आहे, म्हणून तेवढं सापडतं.

आउटपुट पॅनेलमध्ये क्लँगडी निवडा, मेन.सीपीपी उघडा आणि लॉगमध्ये कमांडबद्दल काय येतं ते इथे टाका. जेसनमधली ‘डिरेक्टरी’ची एक ओळही टाका. आणि मायक्रोसॉफ्टचं सी++ एक्स्टेंशन चालू असेल तर त्याचं इंटेलिसेन्स बंद करा. दोघं एकाच वेळी उत्तर देऊ लागले की कोण चुकतंय तेच कळत नाही.

मुळशीकर
ते बंदच होतं. लॉगमध्ये ‘इन्फर्ड फ्रॉम’ (म्हणजे कमांड दुसऱ्या फाइलवरून अंदाजाने घेतली) म्हणून ओळ आहे, पुढे /वर्क/सोर्स/मधल्या कुठल्यातरी फाइलचं नाव. जेसनमध्ये प्रत्येक नोंदीत डिरेक्टरी /वर्क/बिल्ड. माझ्या लॅपटॉपवर /वर्क नावाचं फोल्डरच नाही! कोड होममधल्या गेटवे फोल्डरमध्ये आहे. बिल्ड डॉकरमध्ये, म्हणजे लॅपटॉपपासून वेगळ्या ठेवलेल्या कंटेनरमध्ये होतं, तिथे तो कोड /वर्कवर माउंट केलेला असतो. आत्ता कळतंय की दुसऱ्या फोल्डरमधल्या हेडर्सखाली लाल रेघा का होत्या.

घाटावरचा
सोपं आहे मग. क्लँगडीला --पाथ-मॅपिंग्ज द्या, /वर्क आणि तुमचं फोल्डर जोडून टाका.

कळफलक
नाही, इथे त्याचा उपयोग होणार नाही. ते मॅपिंग एडिटर आणि क्लँगडी यांच्यातल्या निरोपांसाठी आहे, म्हणजे क्लँगडी कंटेनरमध्ये आणि एडिटर बाहेर असेल तेव्हा. जेसनमधले पाथ ते बदलत नाही.

ताई, दुसरा मार्ग म्हणजे डॉकरमध्येही प्रोजेक्ट लॅपटॉपवरच्याच पाथवर माउंट करायचा. बिल्ड फोल्डर पुसून नव्याने सीमेक चालवावं लागेल, कारण जुन्या कॅशमध्ये जुनाच पाथ असतो. पण तुमचा आर्मचा क्रॉस कंपायलर (दुसऱ्या प्रोसेसरसाठी कोड बनवणारा कंपायलर) डॉकरच्या इमेजच्या आत आहे. बाहेरचा क्लँगडी त्याला विचारू शकत नाही, म्हणजे आर्मचे सिस्टिम हेडर्स सापडायचे नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर डेव्ह कंटेनर्स एक्स्टेंशन घेऊन क्लँगडीच कंटेनरमध्ये चालवला असता, वर्कस्पेस /वर्कवरच ठेवून. पाथ आपोआप जुळतात. तिथेही --क्वेरी-ड्रायव्हर देऊन क्रॉस कंपायलरचा पाथ सांगा. सांगितल्याशिवाय क्लँगडी कुठलाही कंपायलर आपणहून चालवत नाही, आणि ते योग्यच आहे.

मुळशीकर
झालं! कंटेनर उघडल्यावर खाली पट्टीत इंडेक्सिंगचे आकडे पळताना पहिल्यांदाच दिसले. इतके दिवस तिथे काहीच येत नव्हतं आणि मला वाटायचं, काम उरकलं असेल. काही फाइल्समध्ये लाल रेघा तरीही राहिल्या. त्या प्रोटोबफमधून (डेटाच्या वर्णनावरून कोड बनवणारं टूल) तयार होणाऱ्या हेडर्सच्या होत्या. एकदा पूर्ण बिल्ड केल्यावर त्या फाइल्स तयार झाल्या, क्लँगडी रीस्टार्ट केला आणि रेघा गेल्या.

एफ१२ आता थेट पोल_मॅनेजर.सीपीपीत, २१२व्या ओळीवर. तिथे पोचल्यावर पहिलं दिसलं ते म्हणजे मीटरने उत्तर दिलं नाही तर मध्ये क्षणभरही न थांबता लागोपाठ तीनदा विचारतात. रीडिंग का गळतात हा प्रश्न महिनाभर आमच्या टेबलावर आहे. तपासायची पहिली जागा तरी मिळाली.

डेव्ह कंटेनरच्या सेटिंग्जची जेसन रेपोमध्ये टाकली आहे. सोमवारी एक नवा मुलगा येतोय, त्याचे तीन दिवस वाचतील. कळफलक, मनापासून आभार.

एकच राहिलं. ड्रायव्हरचं रीड() व्हर्च्युअल आहे (बेस क्लासमध्ये नाव, प्रत्येक ड्रायव्हर आपलं वेगळं लिहू शकतो), त्यावर एफ१२ दाबलं की बेस क्लासमध्ये जातं. हेही पाथचंच काही आहे का?

कळफलक
नाही, ते बरोबर चाललंय. रन होताना कुठला ड्रायव्हर असेल ते एडिटरला ठरवता येत नाही. तिथे कंट्रोल+एफ१२ दाबा, ज्या ज्या क्लासने रीड() लिहिलंय त्यांची यादी येईल.

मुळशीकर
आली. चार ड्रायव्हर आहेत. आम्हाला तीनच माहीत होते.