नाळेचे रक्त साठवावे की बाळाच्या बोनमॅरोची वाट पाहावी? (इंदूर, थॅलेसेमिया मेजर)

सप्रेम नमस्कार.

इंदूरला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीच्या पाच वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर (रक्तातील हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा तीव्र जनुकीय आजार) आहे. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवावे लागते आणि त्यामुळे शरीरात साठणारे लोह उतरवण्यासाठी रोज उपाशीपोटी गोळी पाण्यात विरघळवून द्यावी लागते. बहिणीला आता पुन्हा दिवस गेले असून, अकराव्या आठवड्यातील तपासणीत गर्भ थॅलेसेमिया मायनर, म्हणजे केवळ वाहक, असल्याचे निष्पन्न झाले आहे. प्रसूती जानेवारीत आहे.

एका खासगी नाळरक्तपेढीचा (नाळेतील रक्त, त्यातील रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी पुढे प्रत्यारोपणासाठी वापरता याव्यात म्हणून, गोठवून ठेवणाऱ्या संस्थेचा) प्रतिनिधी सध्या घरी खेपा घालत आहे; दिवाळीपूर्वी करार केल्यास सवलत, हे त्याचे पालुपद. त्याच्या पुस्तिकेत ऐंशी आजारांची यादी असून तीत थॅलेसेमियाही आहे, परंतु अशा जनुकीय आजारात ज्याचे रक्त त्यालाच उपयोगी पडत नाही, कारण त्या मूळपेशींतही तोच दोष असतो, हे तीत कोठेही छापलेले नाही. आमचे प्रकरण अर्थात निराळे आहे. खासगी साठवणुकीची सरसकट शिफारस न करणारी आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सुद्धा घरात आधीच असा रुग्ण असल्यास भावंडासाठी साठवण योग्य मानते, आणि १९८८ मध्ये पॅरिसला झालेले पहिले नाळरक्त प्रत्यारोपणही बहिणीच्याच नाळेतील रक्ताने झाले होते.

घरच्यांनी मात्र तपासणी चांगली आली म्हणजे बाळ भाच्याशी जुळणारच, असे धरून चालले आहे. वास्तविक थॅलेसेमियाचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आणि एचएलएची (प्रत्यारोपणासाठी दोघांच्या पेशी जुळतात की नाही हे ठरवणाऱ्या खुणांची) जनुके सहाव्यावर, त्यामुळे एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते. शिवाय नाळेतून निघणारे रक्त थोडे, पेशींची गरज मात्र रुग्णाच्या वजनानुसार वाढते. बाळ वर्षा-दोन वर्षांचे झाल्यावर त्याचा बोनमॅरो (अस्थिमज्जा, तीतही याच मूळपेशी असतात) घेता येईल हे खरे, पण तोवर भाच्याच्या यकृतात लोह साठत राहील, याची धास्ती वाटते.

ज्यांच्या घरी भावंडाकडून प्रत्यारोपण झाले आहे, त्यांनी केवळ नाळरक्त वापरले की जोडीला बोनमॅरोही घ्यावा लागला? एचएलए जुळले नाही किंवा पेशी कमी निघाल्या, तर पैसे परत मिळण्याची अट पेढ्या करारात घालतात का? कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून मिळणारे १० लाख रुपयांपर्यंतचे साहाय्य खासगी पेढीत ठेवलेल्या नाळरक्तासाठी लागू झाल्याचा कोणाचा अनुभव असल्यास तोही कृपया सविस्तर लिहावा.