गोळी चुकली आणि ‘फ्लू’ झाला. याला व्यसन म्हणायचं का?

मणका_चार_पाच

नमस्कार. लांबलचक आहे, पण तुकड्यातुकड्यात सांगून उपयोग नाही.

वय ४६, हिशेबाचं काम, दिवसभर बसून. सव्वा वर्षापूर्वी कंबरेच्या एल४-एल५ या मणक्यांमधली गादी सरकली, ऑपरेशन झालं. डाव्या पायातली कळ गेली, कंबर मात्र राहिली. डॉक्टरांनी दुखण्यावर ट्रॅमाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी दिली, सकाळ-रात्र एकेक. आज मी सात घेतो. चिठ्ठीवर आता चार आहेत. वरच्या तीन कुठून येतात? गोळ्या लवकर संपतात, मग “एक पाकीट पाण्यात पडलं” असं मी डॉक्टरांना दोनदा सांगितलंय. दुसऱ्यांदा सांगताना कान गरम झाले होते.

मागच्या आठवड्यात प्रवासात औषधांची बॅग दुसऱ्याच गाडीत गेली. साधारण तीस तास गोळी नाही. आधी जांभया, एकामागून एक, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग नाक गळायला लागलं, अंगावर काटा, पोट बिघडलं. रात्री पाय एका जागी ठरेनात, पांघरुणाखाली सायकल चालवावी तसे. आणि मान वळवली की डोक्यात बारीक झटका, उघड्या वायरला बोट लागल्यासारखा. मला वाटलं फ्लू. बॅग मिळाली, सवयीने दोन गोळ्या घेतल्या, आणि तासाभरात सगळं साफ. नाकसुद्धा.

फ्लू तासाभरात जात नाही एवढं मला कळतं.

बायकोला दाढीच्या सामानाच्या खणात रिकामी पाकिटं सापडली. तिने ती मोजली. मी कधी मोजली नव्हती. तिचा शब्द “व्यसन”. माझं म्हणणं, मी मजेसाठी घेत नाही, डॉक्टरांनी दिलेलं औषध आहे. कोण बरोबर? आणि एकदम बंद केलं तर किती दिवस काढावे लागतील? पुढच्या आठवड्यात चार दिवस सुट्टी आहे.

सरळमार्गी

चार दिवस पुरे आहेत. राहिलेल्या गोळ्या फेकून द्या, पाणी भरपूर प्या, मन घट्ट करा. माझ्या मामांनी वीस वर्षांची सिगारेट एका सकाळी सोडली. शेवटी सगळा मनाचा खेळ असतो.

रात्रपाळी

सरळमार्गी, रागावू नका, पण हा सल्ला मागे घ्या. सिगारेटचं गणित वेगळं.

मणका, मी २६ वर्षं वॉर्डात नर्स होते, त्यातली निम्मी रात्रपाळीत. रुग्ण उचलता उचलता उजवा खांदा गेला. तीन वर्षं ट्रॅमाडॉल, शेवटी दिवसाला ४०० मिलिग्रॅम. तीच त्याची वरची मर्यादा, म्हणजे माझं डोकं छताला टेकलेलं. रुग्णांच्या गोळ्यांना कधी हात लावला नाही, हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगायचे की त्यावरूनच ओळखायला हवं होतं.

तुमचा फ्लू मला पाठ आहे. ट्रॅमाडॉल दोन बाजूंनी काम करतं. यकृतात त्याचं जे रूपांतर होतं, ते मॉर्फिन जिथे चिकटतं तिथेच चिकटतं. शिवाय मूळ औषध सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनांना पेशींत परत शोषलं जाऊ देत नाही, नैराश्यावरच्या काही गोळ्या करतात तसं. म्हणून तुटतं तेव्हा दोन्हीकडून तुटतं. जांभया, नाक, काटा, जुलाब, पाय हे अफूच्या कुळातलं. डोक्यातला झटका आणि कारण नसताना दाटून येणारी भीती, हे दुसऱ्या बाजूचं. अफूवर्गातलं औषध मेंदूच्या खोडातलं नॉरॲड्रेनॅलिन दाबून ठेवतं. वर्षभर दाबून ठेवलेलं शरीर उलटा जोर लावायला शिकतं. गोळी काढून घेतलीत की तो जोर मोकळा सुटतो. यात मनाचा खेळ कुठे आला?

आता तुमचं आणि वहिनींचं भांडण. झटके आणि जांभया म्हणजे शरीराची सवय. पुरेसे दिवस घेतलं तर ती कोणालाही लागते, संतालाही. २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या नियमावलीत ओपिऑइडच्या, म्हणजे अफूवर्गातल्या औषधांच्या, व्यसनाचे ११ निकष आहेत. डोस वाढवावा लागणं आणि सोडताना त्रास होणं हे त्यातले दोन, पण औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेत असाल तर ते दोन धरत नाहीत. इथपर्यंत तुम्ही बरोबर.

पण चार लिहिलेल्या असताना सात, आणि पाण्यात पडलेलं पाकीट? ही देखरेख नव्हे. इथे वहिनींचं पारडं जड आहे. शिक्का मी मारणार नाही, तो माझा अधिकार नाही. माझ्या बाबतीत काय झालं तेवढं सांगते.

एका वरिष्ठ बाईंच्या सांगण्यावरून मी वही केली. तीन रकाने: वेळ, वेदना दहापैकी किती, त्या क्षणी काय चाललं होतं. पंधरा दिवस लिहिलं आणि मग एका बैठकीत वाचलं. सकाळच्या गोळ्यांसमोर ७, ६, ७. संध्याकाळच्या दोन गोळ्यांसमोर ३, कधी २. तिसऱ्या रकान्यात काय, तर “ड्यूटीची यादी लागली”, “मुलीचा फोन”, “काही नाही, घर शांत होतं”. खांद्याला फोनशी काय देणंघेणं? निम्म्या गोळ्या मी खांद्यासाठी घेतच नव्हते.

आम्ही शिकत होतो तेव्हा ठासून सांगायचे की खरी वेदना असलेल्या माणसाला व्यसन लागत नाही. त्याचं मूळ मला फार उशिरा कळलं: १९८० साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेलं पाच वाक्यांचं पत्र. ११,८८२ रुग्णांत चारच व्यसनी झाले, असं त्यात होतं. पण ते रुग्णालयात भरती असलेले लोक होते, घरी महिनोन्महिने गोळ्या खाणारे नव्हेत. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात हिशेब छापून आला: त्या पत्राचा हवाला ६०८ वेळा दिला गेला होता, बहुतेकदा व्यसन लागत नाही याचा पुरावा म्हणून. पाच वाक्यं! मी त्यावर विसंबून बायकांना धीर दिलाय.

सोडायचं कसं. मला डॉक्टरांनी तेरा महिने लावले. वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्याला महिन्याला साधारण दहावा हिस्सा कमी, हा बऱ्यापैकी सोसवणारा हिशेब मानला जातो. चारशेवरून साडेतीनशे मला कळलंसुद्धा नाही. शंभरावरून पन्नासला रडले. तीही एकच कॅप्सूल कमी, पण शरीराच्या लेखी अर्धं कमी. शेवटच्या पन्नाससाठी थेंब दिले, म्हणजे अगदी थोडं थोडं उतरवता येतं. दोनदा एकाच पायरीवर सहा सहा आठवडे थांबले. परत वर मात्र चढले नाही, त्यावर डॉक्टर ठाम होते.

एक अनपेक्षित गोष्ट. मोठ्या डोसवर असताना माझी मानही दुखायला लागली होती, पाठीवर कपडा घासला तरी नको व्हायचं. ओपिऑइडमुळेच वेदना तिखट होऊ शकते, हे मी पुस्तकात वाचलेलं. अंगावर आलं तेव्हा ओळखलं नाही. निम्म्यावर आले आणि मान थांबली. खांदा आजही आहे, सहाचा चार झालाय. तुमची कंबर पूर्ण थांबेल असं कोणी म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

चार दिवसांच्या सुट्टीचा बेत सोडा. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, आणि नेमकं तेव्हा पाकीट घरात असतं. त्याहून वाईट पुढचं: काही आठवडे बंद ठेवून एखाद्या वाईट रात्री जुन्या सातवर गेलात, तर शरीराची सोसण्याची ताकद तोवर उतरलेली असते आणि श्वास मंदावतो. माणसं अशी जातात.

डॉक्टरांकडे जा आणि खरा आकडा सांगा. “सात घेतो, कागदावर चार, दोनदा खोटं बोललो.” एवढंच वाक्य. घरी पाठ करून जा.

औषधखिडकी

फार्मासिस्ट आहे. वरचं बरंचसं सांगून झालंय, राहिलेलं लिहितो.

नैराश्य, चिंता किंवा झोपेसाठी काही चालू आहे का? सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या गटातल्या गोळ्या ट्रॅमाडॉलबरोबर असतील तर सेरोटोनिन जास्त होऊन ताप, थरथर, गोंधळ होऊ शकतो, आणि आकडी येण्याचा धोकाही वाढतो. तो धोका ट्रॅमाडॉलचा स्वतःचाही आहे. झोपेच्या गोळ्या किंवा दारू बरोबर असेल तर श्वासाचा प्रश्न. हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा.

सात गोळ्यांत २२७५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल जातं. मर्यादा ४००० आहे म्हणून निर्धास्त राहू नका, सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही तेच असतं. तो “फ्लू” समजून वर काही घेतलं होतं का?

पुढे बदलून सावकाश सुटणारी गोळी दिली तर ती तोडू किंवा चावू नका. दिवसभराचा डोस एकदम सुटतो.

आणि एकदम बंद करण्याबद्दल: अमेरिकेच्या औषध नियामकांनी एप्रिल २०१९ मध्ये डॉक्टरांनाच बजावलं होतं की सवय झालेल्या रुग्णाचं ओपिऑइड अचानक तोडू नका, तीव्र त्रास, वेदना उफाळणं आणि आत्महत्या अशी नोंद झाली होती. तुमच्या डॉक्टरांनी रागाने एकदम शून्य केलं, तर हे शांतपणे विचारा.

अर्धं_डोकं

थोडं विषयांतर. माझ्याकडे ट्रॅमाडॉल नव्हतं, डोकेदुखीच्या अगदी साध्या गोळ्या. रोज दोन, दीड वर्ष. डोकं दुखतं म्हणून गोळी आणि गोळीमुळे डोकं, असं चक्र निघालं. न्यूरोलॉजिस्टनी सांगितलं की साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ओपिऑइड किंवा मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की हे होऊ शकतं. मला कोणी व्यसनी म्हणालं नाही, कारण गोळी साधी होती. एवढंच.

सरळमार्गी

सल्ला मागे घेतो. मामांचं उदाहरण इथे लागू नाही हे कळलं. पण एक विचारतो, ज्याला खरंच वेदना आहे त्याने मग करायचं काय?

रात्रपाळी

रास्त प्रश्न. २०१८ मध्ये २४० जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनी पाठदुखी, गुडघा किंवा खुब्याची झीज. अर्ध्यांना ओपिऑइड, अर्ध्यांना इतर औषधं, वर्षभर. हालचाल दोन्ही गटांत सारखीच राहिली, वेदना ओपिऑइड न घेणाऱ्यांची थोडी कमी. म्हणजे ही गोळी काढली म्हणून हात रिकामे होत नाहीत. मला फिजिओथेरपीने दिलं तेवढं गोळीने कधी दिलं नाही, फक्त फिजिओथेरपी वीस मिनिटांत काम करत नाही. कर्करोगाच्या वेदनेला मात्र यातलं काहीही लावू नका. तिथे मॉर्फिन नाकारणं हा क्रूरपणा आहे, तो मी पाहिलाय.

मणका_चार_पाच

अकरा दिवसांनी लिहितोय. वाक्य पाठ करून गेलो, अर्ध्यावर विसरलो, पण आकडा सांगितला. डॉक्टर म्हणाले, “दुसरं पाकीट पाण्यात पडलं तेव्हाच मला शंका आली होती.” मग विचारलं का नाहीत, असं तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.

सात वरून सहा, तीन आठवडे. मग पुन्हा भेट. गोळ्या आठवड्यापुरत्याच मिळणार. खण बायकोकडे, हे मीच सुचवलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यावरून भांडलो. झोपेची गोळी अधूनमधून घेत होतो, ती बंद केलीय. औषधखिडकी, हो, त्या रात्री सर्दीची गोळीही घेतली होती. एक नाही, दोन.

वहीचा तिसरा रकाना सुरू केलाय. दुपारी चारच्या गोळीसमोर आतापर्यंत सहा वेळा “साहेब आत बोलावतील” असं लिहून झालंय. कंबर तेव्हा ४ ला.

रात्रपाळी ताई, सहावर आल्यापासून झटके नाहीत, पण जांभया आहेत. मीटिंगमध्ये लोक बघतात. किती दिवस?

रात्रपाळी

माझ्या प्रत्येक पायरीला आठवडाभर असायच्या, पन्नासच्या वेळी बारा दिवस. मोजून ठेवा, पुढच्या पायरीला उपयोगी पडेल. आणि मीटिंगमध्ये शेवटच्या खुर्चीवर बसा.