आखाजीला आबांची आठवण

इथे एकाने विचारलंय की नव्वदी गाठून गेलेल्या आजोबांच्या वर्षश्राद्धाला भजन ठेवलं तर भाऊबंद नावं ठेवतील का. ठेवू द्या. आमचे आबा ९१ व्या वर्षी गेले, तेव्हा टाळ-मृदंगाच्या गजरातच त्यांना नेलं होतं.

आबा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. बसण्याआधी आजीकडून कणकेचा गोळा मागून घेत, धुमावर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावर, थापत, थाप मारून बघत, पुन्हा चिमूटभर काढत. आवाज मनासारखा घुमेपर्यंत टाळकरी ताटकळलेले! नंतर ती कणीक खरवडून काढायचं काम आम्हा नातवंडांचं.

तिथीचं जमत नसेल तर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, बघा. आपल्या खान्देशात त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात, वर डांगर (खरबूज) ठेवतात, आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य असतो. तिकडे झोक्यावर बायकांची गाणी चालूच. आम्ही घागर पुजल्यावर संध्याकाळी भजन ठेवलं. पखवाजाला यंदा कणीक आजीनेच मळून दिली, थोडी सैलच झाली.

फक्त डीजेवाल्याला लांब ठेवा. आमच्या एका मामांना तोही हवा होता.